उशीखालचा कन्सोल

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३८ वर्षांच्या आहेत. राहायला कर्वेनगरला, नोकरी मगरपट्ट्यात, अकाउंट्स विभागात. घरी नवरा, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. नव्या उपकरणांची त्यांना कॉलेजपासून आवड. कुठला फोन आला, त्यात नवं काय, कुठलं ॲप कशासाठी चांगलं, हे सगळं त्या मन लावून वाचतात, बघतात. रात्री घर झोपलं की हातात धरायच्या छोट्या कन्सोलवर तास-दीड तास गेम खेळतात. कधी कधी एक वाजतो. गेल्या वर्षभरात त्यांनी स्मार्टवॉच, इअरबड्स, चित्रं काढायला टॅबलेट आणि फरशी पुसणारा रोबो घेतला. त्यातल्या तीन वस्तूंचे हप्ते अजून चालू आहेत. पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर येतात आणि रिकामी खोकी गाडीच्या डिकीत राहतात. महिन्यापूर्वी मुलाला त्यांच्या उशीखाली कन्सोल सापडला. "तू रात्री खेळतेस आणि मला अर्ध्या तासात ओरडतेस," असं तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "आईच अशी, तर पोरगं बिघडणारच." हे व्यसन आहे का, सगळं विकून टाकू का आणि मुलाला काय उत्तर देऊ, असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

चार पानांच्या पत्रात तुम्ही बहुतेक जागा स्वतःला दोष देण्यात घालवली आहे. एका ठिकाणी मात्र तुम्ही रमलात. कन्सोलची डावी जॉयस्टिक बिघडली, हात न लावता पात्र आपोआप चालायला लागलं, तेव्हाची ती हकीकत. दुरुस्तीला न देता तुम्ही सुटा भाग मागवलात, तापकीर गल्लीत जाऊन बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणलात आणि रविवारी दुपारी ओट्यावर कन्सोल उघडून जॉयस्टिक स्वतः बदललीत. जुन्या जॉयस्टिकमध्ये पट्टीवर घासत फिरणारा संपर्क असतो आणि तो झिजला की चुकीचा सिग्नल जातो. नव्या जॉयस्टिकमध्ये चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर आहे, त्यात घासणारं काही नसल्यामुळे तो तसा झिजत नाही, हे तुम्ही मला किती सोपं करून सांगितलंत! आणि लगेच पुढे लिहिलंत, "जाऊ दे, असले माझे उद्योग."

मला ते जाऊ द्यायचं नाहीये. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला हे वाक्य दिसतं. आपली आवड ही मुळातच काहीतरी कमी दर्जाची गोष्ट आहे, असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंय, आणि म्हणून ती लपवायची, म्हणून ती सापडली की गुन्हा, आणि म्हणून तिची शिक्षा सगळं विकून टाकण्याची.

तुमच्या घराजवळच, कोथरूडला, जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मुलाला घेऊन तुम्ही गेलाही असाल. भाऊ जोशी या माणसानं इवल्या आगगाड्यांचा ध्यास घेतला आणि त्यांचे रूळ, सिग्नल, स्टेशनं असं अख्खं छोटं शहर उभं केलं. १९९८ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे. शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती बघायला जग येतं, आणि त्या वस्तू म्हणजे त्या त्या काळातली घरगुती वापराची उपकरणंच. वस्तू कशी बनली, कशी चालते, आणखी चांगली कशी चालेल यात जीव रमणारी माणसं या शहरात पूर्वीपासून आहेत. त्यांना पुण्यानं मान दिलाय.

मग तुम्हालाच का लाज वाटावी? तुमच्याच पत्रातल्या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवते. मिस्टरांनी ट्रेकिंगसाठी तंबू, बॅग आणि बूट घेतले, त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. आणि तुम्ही एअर फ्रायर घेतलात तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. म्हणजे घरात यंत्रांचं वावडं नाही. बाईनं घरासाठी यंत्र घेतलं की कौतुक होतं, स्वतःच्या आनंदासाठी घेतलं की चौकशी होते. हे फक्त तुमच्या घरात घडत नाही. मला पत्रं लिहिणाऱ्या कितीतरी बायका वाचन, पोहणं, गाणं असल्या आवडीही "मुलांचं सगळं आवरून मगच" या अटीवर जपतात. गेम खेळणाऱ्या बाईला तर ती अटही पुरत नाही. तिनं ते झोपेच्या वेळात, पांघरुणाखाली करायचं. तुम्ही ही अट इतकी मनावर घेतलीत की आता ती तुम्हाला तुमचीच वाटते.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. ती नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. बघायचं असतं ते हे, की खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळ सगळ्याच्या पुढे आलाय का, आणि नुकसान होतंय हे दिसूनही खेळ चालूच आहे किंवा वाढतोय का. त्यामुळे घर, नोकरी, शिक्षण, नाती यांचं ठळक नुकसान झालेलं असलं पाहिजे, आणि सहसा हे वर्षभर तरी चाललेलं असलं पाहिजे. तुमच्या पत्रातून मला हे चित्र दिसत नाही. नोकरी नीट आहे, दिवाळीच्या तीन आठवड्यांत कन्सोलला हात लावला नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ज्या वाचकांना वरचं वर्णन स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं वाटत असेल, त्यांनी मात्र माझ्या सदरावर थांबू नये. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. तिथून पुढचा रस्ता कळतो.

पण व्यसन नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असंही मी म्हणणार नाही. तुम्ही पावणेसहाला उठता आणि कधी कधी एकला झोपता. पावणेपाच तासांची झोप तुम्हाला पुरणार नाही, आणि सकाळी मुलाच्या डब्याच्या वेळी होणारी तुमची चिडचिड, जिच्याबद्दल तुम्ही वेगळ्या पानावर लिहिलंय, तिचा याच्याशी संबंध नसेल असं मला वाटत नाही. इथे गेमचा प्रकार बघा. तुम्ही खेळता तो शेतीचा गेम दिवसांत विभागलेला आहे. त्यातला एक दिवस संपला की सेव्ह होतं आणि दुसरा लगेच सुरू होतो. "अजून एकच दिवस" असं म्हणत माणूस बसून राहील, अशीच त्याची रचना आहे. म्हणून घड्याळ बघून थांबायचं ठरवू नका, ते जमत नाही. आज यातले दोन दिवस खेळायचे, असं सुरुवातीलाच ठरवा. आणि शक्य असेल तर ही वेळ रात्रीतून काढून दुसरीकडे न्या. शनिवारी दुपारी हॉलमध्ये सोफ्यावर बसून खेळा. सगळ्यांसमोर.

हे सगळ्यांसमोर खेळणं तुम्हाला अवघड जाईल, मला कल्पना आहे. तरीही मी आग्रह धरते. चोरून केलेल्या गोष्टीचं माप राहत नाही. उजेडात खेळलात तर कुणीतरी हाक मारेल, कुणीतरी शेजारी येऊन बसेल, चहाची वेळ होईल, आणि खेळ आपोआप दुपारच्या एका तुकड्यात मावेल.

पैशांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं इतकी ठाम नाही. तुमच्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. कन्सोल तुम्ही चार वर्षं वापरताय, उघडून दुरुस्त केलाय. इअरबड्स रोज बसमध्ये कानात असतात. पण टॅबलेटवर तुम्ही तीन चित्रं काढलीत आणि तो कपाटात गेला. घड्याळ चार्ज करायचा कंटाळा येतो म्हणून ड्रॉवरमध्ये आहे. रोबो दिवाणाखाली अडकतो म्हणून सासूबाई त्याला चालू करू देत नाहीत. टॅबलेटबद्दल तुम्ही लिहिलंय की महिनाभर त्याचे व्हिडिओ बघत होते, पार्सल यायच्या आदल्या दिवशी झोप लागली नाही, आणि आल्यावर आठवड्यात मन उडालं. म्हणजे आनंद शोधण्यात, तुलना करण्यात, वाट बघण्यात होता. तो खोटा नाही. फक्त तो घ्यायला टॅबलेट विकत घेण्याची गरज नव्हती.

मला वाटतं, तुमच्यातल्या या शोधक बाईला काम द्या, पण तिच्या हातात कार्ड देऊ नका. ऑफिसातल्या कुणाला फोन घ्यायचाय, भावाला लॅपटॉप घ्यायचाय, तर त्यांच्यासाठी तुम्ही शोधा. तुमचा अभ्यास मोठा आहे, लोकांना त्याचा खरंच उपयोग होईल. आणि स्वतःसाठी काही आवडलं तर नाव आणि तारीख वहीत लिहा. महिन्यानं ती ओळ पुन्हा वाचा. तेव्हाही ती वस्तू हवीशी वाटली आणि रोजच्या कुठल्या वेळी वापराल हे सांगता आलं, तर घ्या.

हप्त्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण "व्याज नाहीच आहे ना" असं तुम्ही लिहिलंय आणि अकाउंट्समधल्या माणसानंही असं लिहावं इतकी ही योजना गोड वाटते. कार्डावरच्या बिनव्याजी हप्त्यात बँक सहसा व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत आधी देतो, म्हणून बेरीज मूळ किमतीइतकी दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्कही लागतं. ३० हजारांच्या टॅबलेटवर, सहा हप्ते आणि १५ टक्के दर धरला, तर हा जीएसटी सव्वादोनशे रुपयांच्या आसपास होतो. रक्कम फार नाही. खरा तोटा वेगळा आहे. ३० हजारांची वस्तू मनाला ५ हजारांची वाटते, आणि अशा तीन वस्तू एकदम घेतल्या की पुढच्या सहा महिन्यांचा पगार आधीच वाटून झालेला असतो. चालू हप्ते संपेपर्यंत नवा हप्ता नको. त्यानंतर हप्त्याची तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका, आणि तुमच्या आवडीचं जे काही घ्यायचं ते त्या खात्यातून, रोख. त्या पैशांचा हिशोब घरात कुणालाही द्यायची गरज नाही. ते तुमचे आहेत.

जाता जाता, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान एकदा उघडून बघा. "पहिला महिना फुकट" म्हणून घेतलेली ॲप्स तिथे अजून पैसे कापत असतात. तुम्ही तर नवी ॲप्स सतत करून बघता, तेव्हा दोन-तीन नक्की सापडतील.

आता मुलाकडे येते. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण वरचं सगळं मनात स्पष्ट असल्याशिवाय त्याच्याशी बोलता येणार नाही.

तुम्ही विचारता, मी खेळणं सोडलं तर तो सुधारेल का. मला तसं वाटत नाही. तो सहावीत आहे, वर्गातली निम्मी मुलं त्याच विषयावर बोलत असणार. त्याच्या बोलण्यात मला खेळापेक्षा फसवणुकीची तक्रार जास्त ऐकू येते. आईनं एक नियम सांगितला आणि स्वतः अंधारात दुसरं काही केलं. त्याचं ते म्हणणं बरोबर आहे आणि ते त्याला तुमच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. "मला गेम आवडतात. मी ते तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं. यापुढे लपवणार नाही." एवढंच. मग पुढे असंही सांगा, की मोठ्यांची आणि मुलांची मर्यादा सारखी नसते. तुझी झोप, वाढ आणि अभ्यास यांना वेगळा वेळ लागतो, म्हणून तुझा खेळाचा वेळ माझ्यापेक्षा कमी राहील. तो कुरकुर करेल. करू दे.

अर्ध्या तासाच्या नियमाचा मात्र फेरविचार करा. तुमचा मुलगा खेळतो ते बॅटल रॉयल प्रकारचे ऑनलाइन गेम, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल असे, आणि ते चौघांच्या संघानं खेळता येतात. त्यात शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच अर्ध्या तासापर्यंत जाऊ शकते, आणि ती मध्ये थांबवता येत नाही; उठलं तर सोबतच्या तिघांचा डाव बिघडतो. तुम्ही बरोबर तीस मिनिटांनी ओरडता तेव्हा त्याच्या दृष्टीनं तुम्ही त्याला मित्रांना ऐन वेळी सोडून यायला सांगत असता. रोजचं भांडण इथून उगवतं. मिनिटांऐवजी डाव मोजा. अभ्यासाच्या दिवशी एक मॅच, रविवारी दोन, आणि जेवणाच्या आधीच्या अर्ध्या तासात नवी मॅच सुरू करायची नाही. ज्या आईबापांना गेम माहीत नाहीत त्यांना हा नियम सुचत नाही. तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या आवडीचा तुमच्या मुलाला हा थेट फायदा आहे.

दुसरा फायदा असा, की त्याच्या गेममध्ये काय चाललंय हे तुम्हाला वाचता येतं. गेमवर वयाचं रेटिंग असतं, ते बघा. ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, कारण पात्रांचे कपडे, बंदुकांचे रंग आणि आत काय निघेल ते विकत घेतल्यावरच कळणाऱ्या बंद पेट्या विकणं हाच या फुकट गेमांचा धंदा आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाला तो कळणं कठीण. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आली आहे. तरी कुणा मित्राच्या मोठ्या भावानं काहीतरी दाखवलं तर त्यानं ते घरी येऊन सांगावं, इतकं मोकळं नातं हवं. तुमच्याकडे त्याची सुरुवात व्हायला हरकत नाही, कारण गेमविषयी बोलल्यावर ही आई घाबरत नाही हे त्याला आता कळलंय.

त्याच्यासोबत खेळाही. दोघांनी मिळून खेळायचा एखादा कोड्यांचा किंवा शर्यतीचा गेम रविवारसाठी ठेवा. आणि त्याला हेही कळू द्या की गेम आकाशातून पडत नाहीत. २०२० मध्ये आलेला 'राजी' हा गेम पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं केला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे आणि आपल्या पुराणकथा त्याला आधार आहेत. कुणीतरी त्यातल्या वास्तूंची चित्रं काढली, कुणी संगीत दिलं, कुणी प्रोग्राम लिहिला. टॅबलेटवरची ती तीन चित्रं त्याला दाखवलीत का कधी?

सासूबाईंच्या वाक्यानं तुम्ही दुखावल्या गेलात, आणि ते वाक्य दुखावणारंच आहे. पण त्या रोज सकाळी पेन्सिल घेऊन पेपरातलं सुडोकू सोडवतात, दुपारी मालिका बघतात, "मग मी काय वेगळं करते" असं त्यांना सुनवावंसं वाटतं, असंही तुम्ही लिहिलंय. ते सुनवू नका. उत्तर बिनतोड आहे, पण त्यानंतर त्या सुडोकूही मोकळेपणानं सोडवणार नाहीत. घरात लपून खेळणारी आणखी एक बाई कशाला हवी? त्यांची काळजी नातवाची आहे आणि थोडी पैशांची आहे. नातवासाठी ठरवलेला नियम त्यांना आधी सांगा, तो पाळला जातोय ना हे बघायला त्यांची मदत मागा. रोबोचं म्हणाल तर दिवाणाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून तो दोन इंच उचलता येतो. तरीही त्यांना तो नको असेल, तर नको. सगळ्यांनी तुमच्या आवडीत सामील व्हावं असं काही नाही. बाजूला बसून त्या नाक मुरडत राहिल्या तरी चालेल.

मिस्टरांबद्दल पत्रात एकच ओळ आहे, "त्यांना फरक पडत नाही." त्यांना नक्की किती माहीत आहे, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. पार्सलं ऑफिसला येतात म्हणजे बहुधा तीन हप्त्यांची बेरीज त्यांनी ऐकलेली नाही. मुलाशी बोलण्याच्या आधी हे बोलणं व्हायला हवं, कारण मुलगा उद्या त्यांच्याकडे जाईल आणि त्या वेळी ते गोंधळलेले दिसले तर तुमचा शब्द हलका पडेल. आकडे कागदावर लिहून न्या. हिशोब मांडणं तुम्हाला सवयीचं आहे.

आणि विकायचं म्हणाल, तर कन्सोल विकायचा नाही. घड्याळ महिनाभर हातात घालून बघा, नाहीच जमलं तर विका. टॅबलेट मुलाला किंवा तुम्हाला चित्रांसाठी खरंच नको असेल तर मे-जूनमध्ये विका. कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास पुण्यात बाहेरगावची मुलं येतात, त्यांना नोट्ससाठी जुना टॅबलेट हवा असतो, भाव बरा येतो. देण्याआधी त्यावरच्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, चित्रं दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच फॅक्टरी रिसेट मारा. बिल आणि खोकं सोबत दिलंत तर घासाघीस कमी होते, आणि खोकी तर तुमच्या डिकीत आहेतच.